आसरा कसा द्यावा?
तापीच्या महापुरातून घ्यावयाचा धडा

धर्मशाळा, अन्नछत्र आणि पाणपोई ही नावे आपणांस नवीन नाहीत. वाटसरूस रात्रीपुरते छप्पर, भुकेल्यास घास आणि तहानलेल्यास पाणी द्यावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु एका वाटसरूस ओटीवर जागा देणे निराळे आणि घरदार बुडालेल्या शेकडो कुटुंबांस एका रात्रीत आसरा देणे निराळे. पहिल्या कामास दया पुरते. दुसऱ्या कामास दयेच्या जोडीला विचार लागतो, माप लागते आणि आधीची तयारी लागते.

सुरतेत राहणाऱ्या आपणां सर्वांस हा विषय दूरचा नाही. यास्तव प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा अभ्यास करावयाचा आहे : संकट आले म्हणजे कुटुंबावर नेमके काय ओढवते, त्यास द्यावयाचा आसरा कसा असावा, आणि मंदिर व मंदिराशी निगडित कुटुंबे यांनी कोणता निर्णय आधीच करून ठेवावा.

१. तापी आणि सुरत

तापी नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते, खानदेशातून वाहत येते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. सुरतेतील पुष्कळ मराठी कुटुंबे याच खानदेशातून, भुसावळ-सुरत लोहमार्गाने, पोटापाण्यासाठी येथे आली. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत त्यांनी संसार थाटले. म्हणजे नदी आणि आपण एकाच वाटेने या नगरात आलो, असे म्हटले तरी चालेल. आषाढ शुद्ध सप्तमीस तापीचा जन्मदिवस मानून तिला चुनरी अर्पण करण्याची येथील रीत सर्वांस ठाऊक आहे.

याच नदीने या नगराची अनेकदा परीक्षा पाहिली. १८३७ साली एप्रिल महिन्यात लागलेल्या आगीत येथील नऊ हजारांहून अधिक घरे जळाली, आणि त्याच वर्षी पुढे तापीस पूर येऊन उरल्यासुरल्याचीही दैना झाली. १९५९ आणि १९६८ साली पुन्हा मोठे पूर आले. १९७२ साली सुरतेपासून सुमारे १०० किलोमीटर वरच्या अंगास उकाई धरण पुरे झाले, आणि आता नदी बांधली गेली, अशी लोकांची समजूत झाली.

२००६ च्या ऑगस्टात ही समजूत फोल ठरली. वरच्या पाणलोट क्षेत्रात अतिवृष्टी झाली, धरणात पाण्याचा लोंढा येऊ लागला आणि ७ ऑगस्टपासून धरणातून सोडावयाचे पाणी वाढवीत न्यावे लागले. ते सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पोहोचले. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट पाणी, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. त्यातच ९ ऑगस्ट रोजी श्रावणी पौर्णिमा होती. नारळी पौर्णिमेचा आणि रक्षाबंधनाचा तो दिवस. पौर्णिमेस समुद्रास उधाणाची भरती येते, आणि भरती असता नदीचे पाणी समुद्रात सहज उतरत नाही. वरून धरणाचे पाणी आणि खालून समुद्राचा अडसर, यांच्यामध्ये शहर सापडले. रांदेर, अडाजण, अठवा, कतारगाम यांसह शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. कित्येक वस्त्यांतून तीन-चार दिवस पाणी हटले नाही. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. लष्कराच्या होड्या आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे मदतीस आली.

प्रस्तुत लेखकाच्या पिढीने तो पूर पाहिला तो अजाणत्या वयात. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती आणि छापून आलेली माहिती यांची सांगड घालता त्यातून तीन बोध निघतात.

पहिला बोध असा की, सरकारची होडी येण्यापूर्वी शेजाऱ्याचा जिना कामास आला. तळमजल्यावरची कुटुंबे वरच्या मजल्यांवर गेली, आणि ज्यांच्याशी एरवी केवळ ओळख होती त्यांच्या घरी राहिली. आपत्तीतील पहिले आश्रयस्थान बहुधा शेजार हेच असते.

दुसरा बोध असा की, चहूकडे पाणी असूनही प्यावयास पाणी नव्हते. पुरात सर्वांत आधी तुटवडा पडतो तो पिण्याच्या पाण्याचा. त्यामागून दूध, औषधे आणि उजेड यांची पाळी येते.

तिसरा बोध असा की, पाणी ओसरल्यावर संकट संपले नाही. घराघरांत चिखल होता, धान्य कुजले होते, जनावरे मेली होती. १९९४ साली प्लेगच्या भयाने हे शहर ओस पडल्याची आठवण ताजी होती. म्हणून सफाई आणि औषधवाटप यांवर या वेळी मोठा भर दिला गेला. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप दक्षिण गुजरातेस परिचित आहे. त्याचे रुग्णही त्या पुरानंतर आढळले.

२. संकटांचे प्रकार आणि कुटुंबाची गरज

सर्व आपत्ती सारख्या नसतात, म्हणून सर्वांस एकच मदत लागू पडत नाही.

पुरात घर बहुधा उभे राहते, पण राहण्याजोगे उरत नाही. कुटुंबास काही दिवस वा काही आठवडे अन्यत्र राहावे लागते, मग चिखल उपसून परतता येते.

वादळात छप्पर उडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन, मुरूड या भागांत घरांची कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि पावसाळा तर तोंडावर होता. अशा वेळी कुटुंबास आधी ताडपत्री आणि पत्रे हवे असतात. भिंती उभ्या असतील तर माणसे आपल्याच घरात राहू इच्छितात. त्यातच ते साल साथीचे होते. गर्दी टाळा, असे एकीकडे सांगावयाचे आणि एका शाळेत अनेक कुटुंबे ठेवावयाची, असा पेच तेथे पडला.

वावटळीचे उग्र रूप म्हणजे टोर्नेडो. तो आपल्याकडे क्वचित येतो, पण येतो. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात मयनागुडीच्या परिसरात अशा वादळाने काही मिनिटांत शेकडो घरांची नासधूस केली. पुराची वर्दी धरणावरून काही तास आधी येते. टोर्नेडोची वर्दी बहुधा येतच नाही. भूकंपाचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून गावे निजली होती. दगडमातीची जाड भिंतींची घरे क्षणात कोसळली आणि हजारो माणसे दगावली.

कारणे निराळी असली तरी कुटुंबावरचा आघात मात्र एका जातीचा असतो. घर म्हणजे चार भिंतींखेरीज आणखी पुष्कळ काही. आईला चूल कोठे ते ठाऊक असते, आजोबांची औषधे कोणत्या फळीवर ते ठाऊक असते, मुलांना निजावयाची जागा ठाऊक असते, आणि सुनेला आडोसा असतो. छावणीत गेल्याबरोबर हे सर्व एका क्षणात नाहीसे होते. कालपर्यंत जे कुटुंब आल्यागेल्यास चहा देत होते, ते आज दुसऱ्याच्या रांगेत ताट घेऊन उभे राहते. यास्तव खरा आसरा कोणता, याची कसोटी सोपी आहे. ज्या आसऱ्यात कुटुंब कुटुंब म्हणून टिकते तो खरा. जेथे पोट भरते पण माणसे पांगतात आणि मान खाली घालावी लागते, तो आसरा अपुरा समजावा.

३. आसऱ्याचे माप

केवळ सद्भावनेने सभागृह उघडले म्हणजे काम होत नाही. त्यास माप आहे. २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यास अनुसरून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली मदत छावण्यांसाठी किमान मापे ठरवून दिली. त्यांतील मुख्य मापे अशी :

दर माणशी किमान ३.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट, आच्छादित जागा असावी.
दर माणशी दररोज किमान ३ लिटर पिण्याचे शुद्ध पाणी असावे.
दर ३० माणसांमागे एक शौचालय असावे. स्त्रियांसाठी ते स्वतंत्र असावे, आणि छावणीपासून ५० मीटरांहून दूर नसावे.
मोठ्या माणसास दिवसाला २४०० उष्मांक मिळतील एवढे अन्न असावे. मुलांस आणि अंगावर पाजणाऱ्या मातांस दूध मिळावे.

हे माप एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या मंदिराचे सभागृह ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ १८०० चौरस फूट झाले. ३८ ने भागता सुमारे ४७ माणसे होतात, म्हणजे पाचापाचांची नऊ कुटुंबे. उत्सवाच्या दिवशी त्याच सभागृहात तीनशे माणसे कीर्तनास बसतात म्हणून तीनशे माणसे तेथे आठवडाभर राहू शकतील, असे मुळीच नाही. बसण्याचे माप निराळे, राहण्याचे माप निराळे. या ४७ माणसांस दररोज सुमारे १४१ लिटर पाणी केवळ पिण्यासाठी लागेल आणि निदान दोन शौचालये लागतील. प्रत्येक कुटुंबाने आपल्या मंदिराचे सभागृह डोळ्यांपुढे आणून हा हिशेब एकदा करून पाहावा.

मापात न मावणाऱ्या परंतु तितक्याच आवश्यक अशा काही गोष्टी आहेत. एका कुटुंबाची माणसे एकाच जागी ठेवावी. पुरुष एकीकडे आणि बायकामुले दुसरीकडे, अशी फाटाफूट नाइलाज असल्याखेरीज करू नये. साड्यांचा वा चादरींचा पडदा लावून प्रत्येक कुटुंबास आडोसा करून द्यावा. यास खर्च येत नाही, पण त्याने लाज राखली जाते. शौचालयाच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. न्हाणीस आतून कडी असावी. आल्या दिवशीच प्रत्येकाचे नाव वहीत लिहावे. एकटे सापडलेले मूल कोणीही येऊन "मी मामा आहे" असे म्हटल्यावर त्याच्या हवाली करू नये. अशा मुलाची खबर पोलिसांस द्यावी.

शिजविण्याचे काम आश्रितांसही करू द्यावे. आपण वाढणारे आणि ते जेवणारे अशी वाटणी दोन दिवस शोभते, पुढे ती बोचू लागते. ज्या बाईस आपल्या हाताने खिचडी ढवळावयास मिळते तिचे दुःख तेवढ्यापुरते हलके होते.

मुलांस जुलाब लागल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे, आणि वैद्यकीय मदत बोलवावी. चमचा लहान, चहाचा समजावा. ताप आल्यास आपल्या मनाने गोळ्या न देता डॉक्टरांस दाखवावे, कारण पुरानंतरच्या तापांत लेप्टोस्पायरोसिसची शंका धरावी लागते.

४. सभामंडप आणि आपद्धर्म

येथे एका नाजूक प्रश्नास हात घालणे भाग आहे. मंदिर हे पावित्र्याचे स्थान होय. तेथे सोवळेओवळे असते, काही पथ्ये असतात. पूर आलेल्या रात्री जी माणसे दाराशी येतील ती आपल्याच जातीची, आपल्याच भाषेची वा आपल्याच धर्माची असतील असे नाही. त्यांत सुतक असलेले असतील, मासिक पाळी आलेल्या स्त्रिया असतील, बाळंतीण असेल, कोणाच्या अंगावर गटाराचा चिखल असेल. अशा वेळी दार उघडावे की न उघडावे?

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न ओळखला होता. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म नावाचे स्वतंत्र उपपर्व आहे. संकटकाळी नेहमीचे नियम तसेच्या तसे चालत नाहीत, प्राण राखणे हे त्या वेळी मुख्य ठरते, हा विचार त्यामागे आहे. जो नियम माणसास पावसात उभे करतो तो त्या रात्रीपुरता बाजूस ठेवणे हेही धर्मातच बसते.

आपल्या संतपरंपरेतील दामाजीपंतांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. परंपरा सांगते की, दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. त्यांनी कोणाची जात विचारली नाही. पुढे बादशहाचा कोप झाला, तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन सर्व रक्कम चुकती केली. देवाने त्या कथेत कोणते रूप घेतले, याचा विचार सभामंडपाच्या दारात उभे राहणाऱ्या प्रत्येकाने करावा. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि ते खुले झाले. शांततेच्या काळात जे दार खुले झाले ते संकटात अडवून धरणे कोणत्याच न्यायास धरून होणार नाही.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. डिसेंबर २००४ मध्ये समुद्राच्या सुनामी लाटांनी तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा तेथील काही छावण्यांत दलित कुटुंबांस पाणी भरू दिले नाही, त्यांस निराळे बसविले, अशा तक्रारी पुढे आल्या. लाटेने भेद केला नव्हता, तो माणसांनी केला.

व्यवहारात मार्ग कठीण नाही. गाभारा आणि सभामंडप या दोन निराळ्या जागा आहेत. गाभाऱ्याची नित्यपूजा पुजाऱ्याने आपल्या नियमांप्रमाणे चालू ठेवावी. सभामंडप, ओवऱ्या, भोजनगृह आणि वरचा मजला आश्रितांसाठी मोकळा करावा. पाळी आलेल्या स्त्रियांस कोणी काही विचारू नये. त्यांस लागणारे कापड वा पॅड एका जाणत्या बाईच्या हाती ठेवून द्यावे, म्हणजे मागणाऱ्यास संकोच वाटणार नाही. अन्य धर्मीय कुटुंबास आरतीस उभे राहण्याचा आग्रह करू नये आणि त्यास आपली प्रार्थना आपल्या जागी करू द्यावी. जेवणाची पंगत एकच असावी. आणि हे सर्व त्या रात्री दाराशी वाद घालून ठरवू नये, आज कोरड्या दिवशी विश्वस्तांच्या सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवावे. पुराचे पाणी ठरावाची वाट पाहत नाही.

५. दान : काय, केव्हा, कोणास

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काळ आणि पात्र या तिन्हींचा विचार सांगितला आहे, आणि परतफेडीची अपेक्षा नसावी असेही म्हटले आहे. मदतकार्यास हे सूत्र तंतोतंत लागू पडते.

देश पाहावा, म्हणजे जेथे मदत पोहोचली नाही तेथे ती न्यावी. मोठ्या रस्त्यावरील वस्तीत दहा मोटारी येतात, आतल्या गल्लीत एकही जात नाही. काळ पाहावा, म्हणजे पहिल्या दिवशी पाणी आणि तयार अन्न, चौथ्या दिवशी झाडू, फावडी व जंतुनाशक, पंधराव्या दिवशी भांडी, वह्यापुस्तके आणि कामधंद्याची साधने द्यावी. पात्र पाहावे, म्हणजे घेणाऱ्यास काय हवे ते आधी विचारावे.

जुने कपडे देण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. पण फाटके, न धुतलेले कपडे पाठविणे म्हणजे आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. द्यावयाचे तर आपण स्वतः नेसू असेच धुतलेले लुगडे द्यावे. ज्या कुटुंबाच्या आसपास बाजार सुरू झाला आहे त्यास रोख रक्कम देणे पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, कारण कोणास औषध हवे, कोणास स्टोव्ह हवा, हे ते कुटुंबच अधिक जाणते.

छायाचित्रांविषयी संयम पाळावा. हातात पुडके देताना माणसास उभे करून त्याचे चित्र काढणे ही परतफेडीची अपेक्षाच होय. आणि जमाखर्च चोख ठेवावा. दामाजीपंतांच्या कथेतही शेवटी पावती मिळते, हे विसरू नये. कोणाकडून किती आले आणि कोणास काय गेले, याची यादी फलकावर लावली म्हणजे संशयास जागा राहत नाही.

६. छावणीनंतरचे दिवस

पाणी ओसरले, मदतीच्या गाड्या थांबल्या, आणि मग कुटुंबाचा खरा कठीण काळ सुरू होतो.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराचे उदाहरण घ्या. घर त्याच्या नावाचे नाही, आणि गावचा पत्ता कागदावर, राहणे मात्र सुरतेत. गुजरातेत पूरग्रस्तांस कॅशडोल आणि घरवखरीची मदत पंचनाम्यावरून मिळते. कागद भिजून गेला वा नाव यादीत राहिले नाही, तर हातची मदत जाते. मराठी कुटुंबांस गुजराती अर्ज भरताना अडचण येते ती निराळीच. येथे मंदिराशी निगडित शिकलेल्या तरुणांनी रोज सायंकाळी दोन तास बसून अर्ज लिहून द्यावे. ही सेवा अन्नदानाहून उणी नाही.

कर्जाचा प्रश्नही असाच आहे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्याने गुजरात आणि दख्खन दोन्ही होरपळले, आणि गुजरातेत त्यास सत्याशियो काळ म्हणतात. त्याच काळात तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. सर्वांस तेवढे वैराग्य साधणार नाही. परंतु घरमालकाने पूरग्रस्त भाडेकरूचे एक-दोन महिन्यांचे भाडे माफ करणे आणि सावकाराने हप्ता पुढे ढकलणे हे तर साधण्यासारखे आहे.

घर पुन्हा बांधावयाचे झाल्यास काय करावे, याचे दोन मोठे पाठ आपल्या जवळच आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर बेघरांस आधी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहावे लागले. उन्हाळ्यात पत्रा तापे आणि हिवाळ्यात गारठा सोसावा लागे. पुढे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घरे भक्कम होती, पण सरळ रेघेतले रस्ते, शेतापासूनचे अंतर आणि तुटलेला जुना शेजार यांशी जुळवून घेण्यास माणसांस फार काळ लागला. त्याच कार्यक्रमात जी गावे हलविली नाहीत तेथे लोकांनी सरकारी साह्याने आपली घरे आपणच दुरुस्त केली. त्यात गावोगावच्या स्त्रियांस संवाद सहायक म्हणून नेमले गेले, आणि त्या काम करवून घेण्यास शिकल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला, तेव्हा किल्लारीच्या अनुभवातून शिकलेल्या स्त्रिया गुजरातेत आल्या आणि येथील बहिणींस आपला अनुभव सांगून गेल्या. कच्छात बहुतेक कुटुंबांनी सरकारी साह्य घेऊन आपल्या देखरेखीखाली घरे उभारली. दोन्ही ठिकाणचा निष्कर्ष एकच : ज्याचे घर त्यास विचारून बांधले तर ते त्याचे होते.

७. आजच करून ठेवावयाची कामे

मंदिराच्या विश्वस्तांनी पहिली गोष्ट तपासावी ती जोत्याची उंची. २००६ साली परिसरात पाणी कोठवर चढले होते ते वृद्धांस विचारून भिंतीवर रेघ मारून ठेवावी. सभागृह त्या रेघेखाली असेल तर महापुरात ते आसरा होऊ शकत नाही. मग गच्ची, वरचा मजला वा जवळची उंच शाळा पाहून ठेवावी. लिंबायत भागात मिठी खाडीचे पाणी चढते, त्यास तापीचा महापूरच यावा लागतो असे नाही. म्हणून प्रत्येक वस्तीने आपापली रेघ निराळी ओळखावी.

दुसरी गोष्ट सामानाची. झाकणाची पिंपे, सतरंज्या, चादरी, दोरी, ताडपत्री, विजेऱ्या, मोठी पातेली आणि प्रथमोपचाराची पेटी वरच्या मजल्यावर ठेवावी व ज्येष्ठात, पावसाच्या आधी, एकदा मोजावी.

तिसरी गोष्ट माणसांची. गल्लीत अंथरुणावर खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, एकट्या राहणाऱ्या बाया आणि अपंग यांची यादी असावी, आणि कोणाला कोणी उचलून वर न्यावयाचे ते नावानिशी ठरलेले असावे.

चौथी गोष्ट वर्दीची. भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे ते पाणी पुढे उकाईस येते. आपले नातलग त्याच काठावर आहेत. खानदेशातून तापी भरल्याचा निरोप आला तर त्याकडे कानाडोळा करू नये. मात्र हालचाल करावी ती महापालिका व जिल्हा प्रशासन यांच्या सूचनेवरून, ऐकीव वार्तेवरून नव्हे.

प्रत्येक घराने शिधापत्रिका, आधार, भाडेचिठ्ठी, बँकेचे पुस्तक आणि मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवावे. घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करावा. परतल्यावर भिंती आणि तारा सुकून जाणकाराने पाहिल्याखेरीज तो चालू करू नये. चिखल उपसताना पायांत गमबूट असावे आणि हातापायांवर जखम असल्यास ती झाकावी.

कुटुंबात बसून विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या मंदिराच्या सभागृहात, वरील मापाने, किती कुटुंबे आठवडाभर राहू शकतील?
२. आपण ज्या मजल्यावर राहतो तेथे पाणी आले तर आपण कोणाकडे जाऊ? आणि आपण वरच्या मजल्यावर असू तर खालच्या कोणत्या कुटुंबास, न मागता, वर बोलावू?
३. पूर आलेल्या रात्री आपल्या दाराशी कोण आले तर आपले मन कचरेल? ते का?
४. आश्रयास आलेल्या कुटुंबाने आपल्या घरी कोणते काम स्वतः करावे, म्हणजे त्यास परकेपणा वाटणार नाही?

चौथा प्रश्न घरातील स्त्रियांनी आणि तिसरा पुरुषांनी आधी सोडवावा, अशी विनंती आहे. विश्वस्त मंडळाने सभामंडपाविषयीचा ठराव येत्या पावसाळ्यापूर्वी करावा, आणि तो सर्व सभासदांस वाचून दाखवावा. श्रावणी पौर्णिमेस आपण समुद्रास नारळ वाहतो आणि शांत राहण्याची प्रार्थना करतो. प्रार्थनेनंतर कोठीतील चादरी मोजावयास जाणे हेही त्याच पूजेचे अंग समजावे. इत्यलम्.